उसनं विरजण

लोकांच्या पोटात काय चाललंय हे बघण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. आलापल्लीहून पुढे जंगलाच्या रस्त्याला लागलं की एक लहानसं सरकारी रुग्णालय आहे, तिथे मी लॅब टेक्निशियन आहे. हिवतापाच्या काचपट्ट्या बघतो, थुंकी बघतो, रक्त-लघवी बघतो, पण गावाला माझी ओळख एकाच कामावरून आहे. शौचाचा नमुना. आम्ही प्लास्टिकची डबी देतो. डबी हरवली तर लोक काड्यापेटीत आणतात, सागाच्या पानात बांधून आणतात, एकाने तर लग्नपत्रिकेच्या पाकिटात आणला होता. मी नाक न मुरडता घेतो, जंत आहेत की नाहीत ते सांगतो, आणि लोक मला जंतवाले भाऊ म्हणतात.

नावाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती चौकातल्या टपरीबद्दल. मी चहाला गेलो की बाकावर आपोआप जागा होते. सुरुवातीची काही वर्षं मला वाटायचं, सरकारी माणूस म्हणून मान देतात. मग एकदा एकाने आपली भज्यांची पुडी उचलून दुसऱ्या हातात घेतली, माझ्यापासून लांबच्या हातात, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवसातून वीस वेळा साबणाने हात धुणारा माणूस मी. त्या चौकात माझ्याइतके स्वच्छ हात कोणाचेच नसतील. पण हे ओरडून सांगायचं कसं? मी चहा घ्यायचो आणि निघायचो. लग्नाच्या पंगतीतही माझ्या शेजारची जागा शेवटी भरायची.

माझ्या बायकोला या सगळ्याचं हसू यायचं. ती माझ्या ताटातलं खायची, मुद्दाम, चारचौघांत. "जंतवाल्याची बायको मी, मला कसले जंत होणार?" असं म्हणायची. तिचं माहेर ब्रह्मपुरीकडचं. लग्नानंतर पहिल्यांदा तिला घेऊन आलो तेव्हा तिच्या मांडीवर स्टीलचा एक डबा होता आणि तो तिने एसटीत शेवटपर्यंत कोणाला धरू दिला नाही. मला वाटलं दागिने असतील. डब्यात होतं दही. तिच्या आईच्या घरचं विरजण.

ते विरजण आमच्या घरात बावीस वर्षं चाललं. आजच्या दह्यातला एक चमचा उद्याच्या दुधात, असं रोज. त्या दह्याला किंचित तार यायची, चमचा वर उचलला की एक बारीक धागा लोंबायचा आणि तुटायचा. चवीला आंबटपेक्षा गोडाकडे. आम्ही लॅबवाले जंतू वाढवतो त्याला कल्चर म्हणतो. मी तिला चिडवायचो, "तुमच्या माहेरचं कल्चर काही सुटत नाही हां." ती म्हणायची, "सुटू देणार पण नाही." क्वार्टरच्या लाईनीतली बाईमाणसं वाटी घेऊन यायची, आणि ती प्रत्येकीला एक चमचा द्यायची, दिवेलागणीच्या आत आली तर. त्यानंतर विरजण घराबाहेर जाऊ द्यायचं नाही हा तिचा नियम होता. आम्ही बौद्ध, असले नेम पाळत नाही, हे मी तिला किती वेळा समजावलं. "हा नेम दह्याचा आहे, धर्माचा नाही," असं म्हणून ती मला गप्प करायची.

उन्हाळ्यात ती मुलीला घेऊन महिनाभर माहेरी जायची. तेव्हा विरजण सांभाळायला ती शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंकडे द्यायची. माझ्याकडे नाही. "तुम्ही विसराल, नाहीतर तपासाल," म्हणायची. खिचडीवाल्या बाई गावाच्या टोकाला, जंगलाच्या कडेला राहतात. घरात गोंडी बोलतात, आमच्याशी मराठी. त्या दोघींचं कशावरून जमलं होतं मला माहीत नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. बाई महिनाभर रोज दूध लावायच्या, दही लाईनीतल्या घरांना वाटून टाकायच्या, आणि बायको परत आली की वाटी आणून द्यायच्या.

सहा वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, माझी बायको गेली. छातीत दुखतंय म्हणाली, गडचिरोलीला नेईपर्यंतही थांबली नाही. याहून जास्त त्याबद्दल मला लिहिता येणार नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, मुलगी पुण्याला तिच्या नोकरीवर गेली. मग मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. फळीवर दह्याचं मडकं होतं. त्या गडबडीत कोणीच त्यात दूध घातलं नव्हतं. वर गुलाबी-राखाडी बुरशी आली होती. मी लॅबमधला माणूस. मी ते बाहेर नेऊन ओतलं, मडक्यात उकळतं पाणी घातलं, मग ब्लीचिंगचं पाणी, मग पुन्हा उकळतं पाणी, आणि उन्हात पालथं घातलं. काम नीट झालं याचं मला त्या दिवशी बरंही वाटलं.

त्याच महिन्यात मी आणखी एक गोष्ट केली. खिचडीवाल्या बाई तेव्हा एक दिवसाआड माझ्यासाठी आंबील आणायच्या. तांदळाच्या कण्यांची, रात्रभर आंबवलेली, पातळ, गार. ॲल्युमिनियमच्या गंजात भरून आणायच्या आणि दारात ठेवून जायच्या. मी दोनदा ओतून दिली. तिसऱ्यांदा त्या दारातच भेटल्या तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "बाई, हे शिळं हाय. यात किती जंतू असतात तुमाले माहीत हाय का?" त्या गंज धरून तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं पटलं नसेल. मग मी त्यांना गंजासकट लॅबमध्ये नेलं, आंबिलीचा एक थेंब काचेवर घेतला, मायक्रोस्कोप लावला आणि म्हटलं, "पाहा."

त्या वाकून बघत राहिल्या. बारीक बारीक दाणे हलत असणार, मी पुष्कळ वेळा पाहिलेले.

"इतके सारे?" त्या म्हणाल्या.

"मंग!" मी म्हणालो.

त्यांनी गंजावर पदर झाकला आणि त्या निघून गेल्या. पुन्हा त्यांनी काही आणलं नाही. आपण एका बाईला आरोग्यशिक्षण दिलं असं मी समजत होतो. बायको गेलेल्या माणसाच्या दारात कोणी अन्न घेऊन येतं तेव्हा त्याने काय करावं हे माझ्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं, आणि असतं तरी मी त्यात नापास झालो असतो.

पुढची वर्षं एकसारखी गेली. सकाळी लॅब, दुपारी मेसचा डबा, संध्याकाळी मुलीचा फोन. सूरजागडच्या खाणीचे ट्रक आता दिवसभर दारावरून जातात, खिडकीच्या जाळीवर लाल धूळ बसते, म्हणून मायक्रोस्कोपवर बायकोच्या साडीचा तुकडा टाकून ठेवतो. सुट्टीच्या दिवशी मी कोणाशी किती बोललो ते मोजलं तर कधी कधी एक वाक्य भरायचं, तेही मेसवाल्याशी, "भाजीत तेल कमी टाक."

मग गेल्या वर्षी दाढ दुखायला लागली. दातांचा डॉक्टर चंद्रपूरला. कोण एवढा प्रवास करणार? आमच्याच औषधभांडारातून अँटिबायोटिक घेतलं. दाढ थांबली. मग पायाला गळू झालं, पुन्हा घेतलं. मग खोकला झाला, आणखी भारी घेतलं. डॉक्टरांना विचारलं नाही, मीच अर्धा डॉक्टर! लोकांना आम्ही सांगतो, मनाने गोळ्या घेऊ नका. ते भिंतीवरचं पोस्टर माझ्याच हाताने चिकटवलेलं आहे.

त्यानंतर माझं पोट गेलं ते गेलंच. दिवसातून सात-आठ वेळा. आधी मेसवाल्याला शिव्या घातल्या. मग पाणी उकळून प्यायलो. मग स्वतःचाच नमुना घेतला, स्वतःच डबीवर लेबल लावलं, स्वतःच बघितला. काही नाही. जंत नाहीत, अमिबा नाही, काहीच नाही. अठ्ठावीस वर्षांत इतका साफ नमुना मी क्वचित पाहिला असेल. रजिस्टरमध्ये माझ्याच नावापुढे "काही आढळले नाही" लिहिताना मला रडू आलं. दोन महिन्यांत पँट कमरेवर राहीना. मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, तुम्ही आजोबांसारखे दिसायला लागलात," आणि मी कॅमेरा छताकडे वळवला.

शेवटी चंद्रपूरला गेलो. पोटाची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने सगळं ऐकून घेतलं, गोळ्यांची नावं लिहून घेतली, आणि पेन खाली ठेवलं.

"काका, तुम्ही आयुष्यभर पोटातले वाईट जंतू शोधलेत ना? चांगल्यांचं काय?"

मी म्हटलं, पुस्तकात वाचलं होतं.

"पोटात त्यांची मोठी वस्ती असते," ती म्हणाली. "आपल्याला पचत नाही ते ते पचवतात. काही जीवनसत्त्वं तयार करतात. बाहेरचा रोगजंतू आला तर त्याला बसायला जागा देत नाहीत. मनावरसुद्धा त्यांचा परिणाम होतो असं आता म्हणतात. तुम्ही दोन-चार गुंडांसाठी अख्खी वस्ती उठवलीत, तीनदा."

तिने काही तपासण्या केल्या आणि सांगितलं की घाबरण्यासारखं नाही. कारण नसताना गोळी घ्यायची नाही. भात, वरण, डाळी, भाज्या, घरचं दही, आंबील असं साधं खायचं. एका दह्याने सगळं परत येतं असं नाही, पण हळूहळू वस्ती बसते. मग तिने विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मी."

"आणखी?"

"मीच."

ती म्हणाली, "माणसं एका घरात राहतात, एका ताटात खातात, तेव्हा हे जंतूही एकमेकांकडे जातात. नवरा-बायकोच्या पोटातले तर पुष्कळ सारखे होतात. एकट्या माणसाला ते मिळत नाही. होईल तेव्हा कोणाबरोबर जेवत जा, काका." बहुतेक ती सगळ्याच एकट्या पेशंटना हे सांगत असेल. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो.

परतीच्या एसटीत मूल गाव गेलं, गडचिरोली गेलं, आणि माझ्या डोक्यात ते एकच घोळत राहिलं. बावीस वर्षं आम्ही एकाच मडक्यातलं दही खाल्लं. तिच्या आईच्या घरचे, तिच्या हातावरचे, तिच्या पोटातले ते जीव माझ्या पोटात होते. ती गेल्यावरही होते. म्हणजे ती गेल्यानंतर पाच वर्षं मी एकटा नव्हतो आणि मला ते माहीत नव्हतं. मग मी तीनदा गोळ्या घेतल्या. आणि त्याच्याही आधी, तिच्या मडक्यातले जे होते त्यांना मी उकळतं पाणी घातलं. शास्त्राप्रमाणे हे इतकं सरळ नसतं हे मला कळतं. पण एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून बसलेल्या माणसाला शास्त्र किती पुरणार? मला एकच वाटत होतं. तिने लाईनीत इतक्या जणींना विरजण दिलं. कोणाच्या तरी घरी ते जिवंत असेल. ते मिळालं पाहिजे.

दुसऱ्याच दिवसापासून विचारत सुटलो. लाईनीतली जुनी घरं बदली होऊन गेलेली. एक सिस्टर राहिली होती, ती म्हणाली, "आजकाल कोण लावते भाऊ, पाकीट भेटते ना." वनखात्याच्या क्वार्टरमध्ये एक काकू होत्या, त्यांचं विरजण एका उन्हाळ्यात नासलं, मग त्यांनी अहेरीच्या नातेवाइकांकडून दुसरं आणलं. राहिल्या फक्त खिचडीवाल्या बाई. त्यांच्या घरी जायचं म्हटलं की मला तो मायक्रोस्कोप आठवायचा आणि पाय घरातच अडायचे.

त्याच आठवड्यात शाळेत मुलांना जंताच्या गोळ्या द्यायच्या होत्या. डॉक्टर साहेब मीटिंगला गेलेले, म्हणून मुख्याध्यापक मला म्हणाले, दोन शब्द बोला. पालकही जमले होते. माझ्या डोक्यात चंद्रपूरची डॉक्टर ताजी होती. मी सुरू केलं, "पोटातले सगळेच जंतू वाईट नसतात. चांगले जंतू पण असतात. ते आपलं अन्न पचवतात, आपल्याले ताकद देतात."

रांगेतला एक बाप पुढे आला. "चांगले हायेत तं मंग मारून काऊन राह्यले भाऊ?"

आणि त्याने पोराचा हात धरून त्याला रांगेतून बाहेर काढलं. त्याचं बघून आणखी चार जणांनी काढलं. मी ओरडलो, "अरे, जंत वेगळे, जंतू वेगळे!"

"का फरक हाय?"

"उकाराचा," मी म्हणालो. मास्तर हसले. बाकी कोणी हसलं नाही. इतकी वर्षं मीच या लोकांना सांगत आलो होतो की पोटातले जंतू मारा. जंत आणि जंतू मीही एकाच तोंडाने, एकाच रागाने बोलत आलो होतो, त्यांनी तरी फरक कुठून करावा? माझा तोल गेला. "जंत म्हणजे पोटातली अळी, तुमचं रक्त पिते, तिच्यासाठी गोळी हाय. जंतू म्हणजे डोळ्याले न दिसणारे. ते दह्यात असतात, आंबिलीत असतात. ज्याच्या घरी विरजण हाय त्याच्या घरी ते हायेत. माझ्या बायकोचं बावीस वर्षांचं विरजण मी उकळत्या पाण्यानं मारलं आणि आता माझ्या पोटात काही टिकत नाई. समजलं?"

असं चारचौघांत मी कधी बोललो नव्हतो. व्हरांड्यात खिचडीच्या गंजापाशी बाई झारा घेऊन उभ्या होत्या. त्या जमलेल्या बायांकडे वळून गोंडीत काहीतरी म्हणाल्या, आणि रांग परत लागली. मी मास्तरांना विचारलं, काय म्हणाल्या? मास्तर म्हणाले, "एक घरात घुसलेला, एक घरचा, असं काहीतरी."

त्या रविवारी मी वाटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. भर दुपारी, दिवेलागणीच्या कितीतरी आधी. सारवलेलं अंगण, कुडाच्या भिंती, मोहाच्या झाडाखाली बाज. मला बघून त्या आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी बसलो नाही. बसलो तर बोलणं राहून जाईल अशी भीती होती.

"त्या दिवशी मी तुमाले मशीनमधी दाखवलं," मी म्हणालो. "आंबिलीतलं."

"लय होते," त्या म्हणाल्या.

"ते चांगले होते, बाई. माझीच चूक झाली."

"मले का समजते भाऊ. आमी तं तेच पीत आलो." त्यांनी माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलं.

"तुमच्या वहिनीचं, माझ्या बायकोचं, विरजण हाय का तुमच्याकडे? तुमीच सांभाळत होते ना उन्हाळ्यात?"

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "हाय ना. पण आज नाई. आज सांडलं. उद्या या."

दुसऱ्या दिवशी लॅब बंद करून सरळ गेलो. त्यांनी वाटीभर दही दिलं, वर पळसाचं पान झाकून. ती वाटी मी दोन्ही हातांत धरून गावातून चालत आलो. टपरीवरच्या एकाने विचारलं, "का नेऊन राह्यले भाऊ, नमुना?" मी त्याच्याकडे बघितलंही नाही. घरी दूध कोमट केलं, करंगळी बुडवून बघितलं, बायको बघायची तसं, आणि चमचाभर दही त्यात ढवळलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात काहीतरी व्हायची मी वाट बघत होतो.

सकाळी दही घट्ट लागलं होतं. चमचा घातला, वर उचलला. तार आली नाही. पुन्हा उचलला. वडी कापल्यासारखं साफ कापलं गेलं. तोंडात घातलं. आंबट, एकसारखं, कुठल्याही दुकानात मिळतं तसं.

मी लॅबमधला माणूस, मला फसवता येत नाही. राग असा चढला की कान गरम झाले. मेलेल्या माणसाच्या नावावर पाकिटाचं दही खपवलं! नसतं तर नाही म्हणायचं, मी काय खाऊन टाकलं असतं? त्या मायक्रोस्कोपचा सूड घेतला, असंही मनात आलं. लॅब उघडायची सोडून मी तडक त्यांच्या घरी निघालो.

बाई नव्हत्या, शाळेत गेल्या होत्या. त्यांचा नवरा अंगणात बांबूच्या कांब्या काढत बसला होता. मी सरळच विचारलं, "हे दही कुठून आणलं?"

"तुमचंवालं? बाजारातून," तो खाली बघतच म्हणाला. "परवा तुमी गेले ना, तशीच गेली ती, पायी. पाकीट आणलं, दूध आणलं. आमच्या घरी कोण दही खाते भाऊ? आमी तं दूधच नाई काढत. गाईचं दूध वासराचं."

मी उभाच होतो.

"वहिनीचंवालं तिनं दोन वर्षं ठेवलं होतं," तो पुढे म्हणाला. "वहिनी गेल्यावर बी. रोज लावे. खाणारं कोणी नाई, तरी लावे. म्हणे, भाऊ कधी मागतीन. मंग एका उन्हाळ्यात मेलं. दोन दिवस जेवली नाई ती."

दोन वर्षं. मी दारात आंबील ओतून देत होतो तेव्हापासून पुढची दोन वर्षं माझ्या बायकोचं विरजण गावाच्या टोकाला जिवंत होतं, आणि ते सांभाळणारी बाई रोज माझ्या लॅबवरून शाळेत जात होती. मी एकदा जरी आत बोलावून बसवलं असतं तरी मिळालं असतं. माझा सगळा राग माझ्याच अंगावर आला. मी बाजेवर बसलो आणि त्या माणसासमोर रडलो. त्याने कांबी खाली ठेवली नाही, पण कोयता थांबवला.

तेवढ्यात बाई आल्या. खिचडीच्या तांदळाच्या कोठीची चावी घरी राहिली होती. मला बघून त्या जराशा थबकल्या.

"लागलं का दही?"

"लागलं."

"वहिनीसारखं हाय का?"

नवरा खाली बघून कांबी सोलायला लागला. मी म्हणालो, "तसंच हाय. तार बी येते."

त्यांचा चेहरा सुटला. खोटं बोलायचं काम मी कधी केलं नव्हतं, रजिस्टरमध्ये तर नाहीच. पण ते वाक्य मला पुन्हा विचारलं तर मी पुन्हा तेच सांगेन. त्या आत गेल्या, आणि दारातूनच विचारलं, जरा चाचरत, "आंबील पेता काय?"

मी हो म्हणालो. त्यांनी दोन वाट्या भरल्या, एक मला, एक नवऱ्याला, आणि स्वतः उंबऱ्यात बसून तिसरीतून प्यायल्या. लॅबच्या दारात त्या वेळेला पाच-सहा जण काड्यापेट्या घेऊन उभे असतील. मी सावकाश प्यायलो. माझ्या शेजारी बाजेवर तो माणूस येऊन बसला होता, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, आणि तो सरकला नाही.

पोट हळूहळू सुधारतंय. दिवसातून तीनदा, कधी दोनदा. दह्याने, आंबिलीने, की गोळ्या बंद केल्याने, मी सांगू शकत नाही. एकटेपण मात्र गेलेलं नाही. संध्याकाळी कुलूप काढताना ते अजून घरातच असतं. पण दर रविवारी मी वाटी घेऊन बाईंकडे जातो आणि विरजण मागतो. त्या शनिवारी पाकीट आणतात हे मला माहीत आहे. मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे का, ते मी विचारलेलं नाही. त्यांच्या घरी जायला मला काहीतरी कारण लागतं. नुसतं जायला मी अजून शिकलो नाही.

परवा मुलगी फोनवर वैतागली. "बाबा, दर आठवड्याला विरजण कसलं मागता लोकांना? एक चमचा मागे ठेवायचा असतो. आई रोज ठेवायची. एवढं साधं तुम्हाला जमत नाही?"

"नाही जमत," मी म्हणालो. फोन ठेवला, तळाचा शेवटचा चमचा पुसून खाल्ला, आणि वाटी धुऊन चपला घातल्या.